ग्रंथांकडून माणसांकडे : ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आणि ग्रंथालयांचे व्यासपीठ

१ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन ही या उभारणीमागची प्रमुख नावे. भाव्यांचे वय तेव्हा अवघे एकवीस. मराठीत छापून निघालेले प्रत्येक पुस्तक जमवायचे, जपायचे आणि वाचकाला उपलब्ध करून द्यायचे, हा संकल्प घेऊन ही संस्था उभी राहिली. केवळ मराठी ग्रंथांना वाहिलेले हे पहिले सार्वजनिक ग्रंथालय. या संस्थेचा इतिहास सांगताना ग्रंथसंख्या, इमारती आणि देणग्या यांचा हिशेब नेहमी मांडला जातो आणि तो मांडायलाही हवा. पण ग्रंथालयाने पुस्तके जमवता जमवता माणसे कशी जमवली, वाचकाला लेखकासमोर कसे बसवले, ही हकिगतही तितकीच मोलाची आहे. या लेखात तीच सांगायची आहे.

स्थापनेपूर्वीचा काळ

आपल्याकडची सार्वजनिक ग्रंथालये १८९३ च्या बरीच आधीची. रत्नागिरीचे १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे आणि ठाण्याच्या शेजारी कल्याणचे १८६४ चे. यांतील बहुतेकांचा आरंभ ‘नेटिव्ह लायब्ररी’ किंवा ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशा नावांनी झाला. इंग्रज अधिकाऱ्यांचा आश्रय, गावातील वकील, शिक्षक आणि सरकारी नोकर यांची वर्गणी आणि इंग्रजी पुस्तके व वर्तमानपत्रे यांचा भरणा, असे त्यांचे सुरुवातीचे स्वरूप होते. मराठी पुस्तके मुळात थोडी. जी होती ती एका कपाटात मावत.

त्याच काळात व्याख्यानाची परंपरा मात्र वेगळ्या ठिकाणी वाढत होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यास आले. त्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. कीर्तन आणि पुराण ऐकायला बसणारा समाज आपल्याकडे पूर्वापार होता. मांडी घालून तास-दोन तास एकाग्रतेने ऐकण्याची सवय त्याला होतीच. रानड्यांच्या पिढीने त्या सवयीला नवे विषय दिले : शेती, व्यापार, इतिहास, स्त्रीशिक्षण, राज्यकारभार. वक्त्याच्या मागे उभे राहून टाळ धरण्याऐवजी आता श्रोता प्रश्न विचारू लागला, आणि हा बदल फार मोठा होता.

लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि रानडे यांच्या आवाहनावरून ११ मे १८७८ रोजी पुण्याच्या हिराबागेत मराठी ग्रंथकारांची सभा भरली. आजच्या साहित्य संमेलनांचा उगम आपण तिथे मानतो. मराठीत लिहिणारी माणसे एकमेकांना भेटावीत आणि ग्रंथप्रसाराला वाट मिळावी, हा त्या सभेमागचा विचार होता. ग्रंथकार एकत्र आले तरी त्यांचे ग्रंथ मात्र विखुरलेलेच राहिले. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकांची नोंद सरकारदरबारी होऊ लागली होती, पण सामान्य मराठी वाचकाने जाऊन पाहावे असे समग्र मराठी ग्रंथांचे ठिकाण कुठेच नव्हते. ती उणीव ठाण्याने भरून काढली.

१८९३ हे साल भारतीय भाषांच्या दृष्टीनेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी जुलैत काशीला नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली. कलकत्त्याला बेंगॉल अकॅडमी ऑफ लिटरेचरची सुरुवातही त्याच जुलैतली. तीच पुढे बंगीय साहित्य परिषद झाली. आपल्या भाषेचे वैभव आपणच जपले पाहिजे, ही जाणीव देशात ठिकठिकाणी एकाच वेळी जागी होत होती. मराठीपुरते तिचे पहिले पाऊल मुंबईत किंवा पुण्यात पडले नाही. ते ठाण्यात पडले, याचा ठाणेकरांना अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

संग्रहातून उभे राहिलेले संशोधन

भाव्यांना प्राचीन मराठी कवितेची गोडी लागली ती जनार्दन बाळाजी मोडक यांच्या सहवासात. मोडक हे १८७८ मध्ये निघालेल्या ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकाच्या संपादकांपैकी एक. जुनी बाडे शोधणे, पाठ ताडून पाहणे आणि ते छापून लोकांपुढे ठेवणे हे काम किती मोलाचे आहे, हे भाव्यांनी तरुण वयातच जाणले. पुढे मिठागरांचा व्यवसाय सांभाळून त्यांनी हे व्रत चालवले. १९०३ मध्ये ‘महाराष्ट्र कवि’ हे जुन्या कवितेला वाहिलेले मासिक काढले. मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगणारा त्यांचा ‘महाराष्ट्र सारस्वत’ आधी ‘ग्रंथमाला’ मासिकातून प्रसिद्ध झाला आणि १९१९ मध्ये पुष्कळ विस्तारून पुन्हा निघाला. महानुभाव पंथाचे सांकेतिक लिपीतील साहित्य उजेडात आणणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. पुढच्या पिढीत शं. गो. तुळपुळे यांनी ‘सारस्वता’ला पुरवणी जोडून तो ग्रंथ अद्ययावत केला.

हा तपशील इथे सांगण्याचे कारण असे की भाव्यांचे ग्रंथालय आणि भाव्यांचे संशोधन ही दोन निराळी कामे नव्हती. जुने पुस्तक मिळवायचे तर ते कोणाच्या घरी आहे हे ठाऊक हवे. त्या घरी जावे लागते, मालकाचा विश्वास संपादन करावा लागतो, आपण ते कशासाठी मागतो हे समजावून सांगावे लागते. संग्रह करणारा माणूस अशा रीतीने आपोआप लोकांमध्ये ओढला जातो. पुस्तक देणाऱ्याला संस्था आपली वाटू लागते. तो तिच्या सभेला येतो, चार माणसांना घेऊन येतो. मराठी ग्रंथालयांच्या व्यासपीठामागे असा मूळचा ऋणानुबंध आहे. आजही एखादे कुटुंब आजोबांचा ग्रंथसंग्रह ग्रंथालयाला देते तेव्हा त्या निमित्ताने एक छोटासा समारंभ होतो, आजोबांविषयी कोणीतरी बोलते आणि त्या घराचा संस्थेशी कायमचा संबंध जुळतो.

ठाण्याच्या पाठोपाठ १ ऑगस्ट १८९८ रोजी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले आणि पुढे त्याच्या शाखा मुंबईच्या वस्त्यावस्त्यांत पोहोचल्या. बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी रेल्वे १८५३ पासून धावत होती. त्यामुळे मुंबईतील प्राध्यापकाने, संपादकाने वा नाटककाराने संध्याकाळी ठाण्यास येऊन भाषण करावे आणि रात्री घरी परतावे, ही सोय या गावाला इतर जिल्ह्याच्या ठिकाणांपेक्षा लवकर लाभली. व्याख्यानमाला रुजण्यासाठी अशा साध्या सोयींचे महत्त्व फार असते. कोकणात किंवा मराठवाड्यात वक्त्याला बोलवायचे तर त्याचा मुक्काम, जेवण आणि दुसऱ्या दिवशीची गाडी इथपर्यंतची काळजी कार्यकर्त्यांना घ्यावी लागे. त्यांनी ती घेतली आणि वक्त्यांनीही मानधनाकडे न पाहता एसटीचा रात्रीचा प्रवास केला, म्हणून गावोगावी व्याख्यानमालांची पुष्पे गुंफली गेली.

शासन आणि समाज

१९३९ मध्ये मुंबई सरकारने असफ अली फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. तिचा अहवाल पुढच्या वर्षी आला. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची रचना त्या समितीने सुचवली होती. १९५४ च्या कायद्याने नव्या पुस्तकाच्या प्रती देशातील ठरावीक ग्रंथालयांना देणे प्रकाशकांवर बंधनकारक झाले आणि मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक ठरले. ठाण्याच्या संस्थापकांनी जे काम कोणत्याही कायद्याच्या आधाराशिवाय आरंभले होते, त्याची गरज साठ वर्षांनी कायद्याने मान्य केली.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे आणि त्यानुसार अनुदान, ही आजची व्यवस्था त्यातून आली. तमिळनाडू किंवा कर्नाटकाप्रमाणे आपल्याकडे ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर नाही. महाराष्ट्रातील ग्रंथालये मुख्यतः लोकांनी स्थापन केलेल्या संस्थांची आहेत, शासन त्यांना साहाय्य करते. या रचनेत अडचणी आहेत. अनुदान अपुरे पडते, ग्रंथपाल आणि ग्रंथालय सेवकांना मिळणारा मोबदला त्यांच्या श्रमाला शोभणारा नाही, आणि ही खंत ग्रंथालयांच्या प्रत्येक अधिवेशनात मांडली जाते ती रास्त आहे. पण या रचनेचे एक बळही आहे. संस्था लोकांची असल्यामुळे तिला लोकांपर्यंत जावेच लागते. सभासद टिकवायचे, देणगीदार जोडायचे, तरुण कार्यकर्ते मिळवायचे तर दार उघडे ठेवून पुस्तकांची देवघेव करण्यावर भागत नाही. व्याख्यान, प्रकट मुलाखत, ग्रंथप्रदर्शन, कविसंमेलन, अभिवाचन, बालवाचकांचा मेळावा हे सारे त्यासाठी करावे लागते. अनुदानाच्या कोणत्याही रकान्यात न मावणारा हा खर्च संस्था आपल्या हिमतीवर करत आल्या आहेत.

व्यासपीठावर कोण?

ग्रंथालयाच्या व्यासपीठाचा इतिहास लिहिताना एक प्रश्न टाळता येत नाही. तो महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्येच विचारून ठेवला आहे. त्या वर्षी पुण्यात दुसरी ग्रंथकार सभा भरायची होती. रानड्यांनी फुल्यांना निमंत्रण पाठवले. फुल्यांनी ते नाकारले आणि त्याची कारणे पत्रातून स्पष्ट सांगितली. ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आले. ज्यांना माणूस म्हणून हक्क नाकारले गेले त्यांची दुःखे या सभांना आणि या ग्रंथांना ठाऊक नाहीत, तेव्हा आमचा आणि त्यांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. रानड्यांनी बोलावले हा त्यांचा मोठेपणा होता, पण फुल्यांचा आक्षेप खराच होता. सभागृह सर्वांना खुले आहे असे म्हणून भागत नाही. खुर्चीवर कोण बसतो आणि त्याच्या बोलण्यात कोणाचे जगणे येते, यावर सभागृहाचा खुलेपणा ठरतो.

मराठी वाचकांच्या जगात या आक्षेपाचे उत्तर फार सावकाश मिळत गेले. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ प्रसिद्ध केले. ही पुस्तके ग्रंथालयांच्या देवघेवीत आली. त्यांच्यावर परिसंवाद झाले आणि वाचकांनी लेखकांना आपल्यासमोर बोलते केले. शांता शेळके, दुर्गा भागवत, नरहर कुरुंदकर, शिवाजीराव भोसले, राम शेवाळकर यांची व्याख्याने ऐकून तृप्त झालेला श्रोता आता वेगळ्या वेदनेच्या लेखकापुढे बसला. या भेटींनी वाचकाला अस्वस्थ केले आणि मोठेही केले. घरी एकट्याने वाचलेल्या पानाचे ओझे अनेकदा आपण पुस्तक मिटून बाजूला ठेवू शकतो. ते जगलेला माणूस समोर उभा राहून बोलतो तेव्हा श्रोत्याला मान वळवता येत नाही. ग्रंथालयातील लेखकभेटीचे सामर्थ्य इथे आहे, आणि म्हणून ती पुस्तकांच्या देवघेवीइतकीच आवश्यक आहे.

ठाणे शहरात तीनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी भाषकांचे राज्य ज्या वर्षी स्थापन झाले त्या १९६० मध्ये रा. श्री. जोग अध्यक्ष होते. १९८८ मध्ये वसंत कानेटकर होते आणि २०१० मध्ये उत्तम कांबळे. २०१० च्या संमेलनाचे यजमानपद मराठी ग्रंथसंग्रहालयाने सांभाळले. एकशे सतरा वर्षांच्या ग्रंथालयाने साऱ्या मराठी साहित्यविश्वाचे आतिथ्य करावे, हा या संस्थेच्या वाटचालीतला मोठा टप्पा. जोग हे ‘अभिनव काव्यप्रकाश’ लिहिणारे साहित्यशास्त्राचे अभ्यासक, कानेटकर रंगभूमी गाजवणारे नाटककार आणि कांबळे वर्तमानपत्रे विकण्यापासून संपादकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचलेले लेखक. या तीन नावांकडे ओळीने पाहिले तर पन्नास वर्षांत मराठी व्यासपीठ किती रुंदावले हे कळते. फुल्यांच्या पत्राला पूर्ण उत्तर मिळाले असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये, पण ते पत्र मराठी समाजाने फाईलबंद केले नाही, एवढे म्हणता येईल.

एका व्याख्यानामागचे श्रम

स्मरणिकेत वक्त्यांची नावे येतात, छायाचित्रे येतात. व्याख्यान घडवून आणणारी माणसे बहुधा छायाचित्राच्या चौकटीबाहेर असतात. त्यांच्याविषयी चार ओळी लिहिल्या पाहिजेत.

व्याख्यानमालेची तयारी दोन-तीन महिने आधी सुरू होते. कार्यकारिणीच्या बैठकीत विषय आणि वक्ते सुचवले जातात. कार्यवाह पत्रे लिहितात, दूरध्वनी करतात, तारखा जुळवतात. एका वक्त्याचा नकार आला की सारी साखळी पुन्हा बांधावी लागते. खर्चाची तोंडमिळवणी हा दुसरा भाग. पुष्कळ ग्रंथालयांत दिवंगत आईवडिलांच्या, शिक्षकांच्या किंवा जीवनसाथीच्या स्मरणार्थ कोणीतरी रक्कम ठेव म्हणून दिलेली असते. तिच्या व्याजातून दरवर्षी एक पुष्प गुंफले जाते. देणाऱ्याचे नाव व्याख्यानाला असते आणि त्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या विचारांची सोबत घडते. दानाचा हा फार सुंदर प्रकार आपल्याकडे रूढ झाला. बँकांचे व्याजदर उतरले तेव्हा या ठेवींतून मानधन आणि प्रवासखर्चही भागेना. अनेक संस्थांनी मूळ ठेवीत भर घालण्यासाठी देणगीदारांच्या मुलानातवंडांना पत्रे लिहिली, आणि त्यांतील कित्येकांनी आनंदाने हात दिला.

प्रत्यक्ष दिवशीचे काम वेगळेच. ग्रंथालयीन सेवकांची देवघेवीची वेळ संपते आणि सभेची सुरू होते. टेबले सरकवायची, खुर्च्या मांडायच्या, फलक लावायचा, माईक तपासायचा, वक्त्याची पुस्तके कपाटातून काढून दर्शनी टेबलावर ठेवायची. हे शेवटचे काम करणारा ग्रंथपाल खरा मर्मज्ञ. व्याख्यान ऐकून भारावलेला श्रोता उठतो तेव्हा पुस्तक त्याच्या हाताशी असले पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्या लेखकाच्या पुस्तकांना मागणी वाढते, हा ग्रंथपालांचा नेहमीचा अनुभव आहे. पुष्पगुच्छाऐवजी ग्रंथभेट देण्याची प्रथाही आता अनेक ठिकाणी रुजली आहे.

वक्त्याच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेचे कर्नाटकातल्या बेळगावचे उदाहरण इथे आठवते. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ ची. संसदपटू बॅरिस्टर नाथ पै १७ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाच्या सभेत बोलले आणि काही तासांतच, १८ जानेवारीला, त्यांचे निधन झाले. अखेरचे भाषण ज्या शहराने ऐकले त्या शहरातील वाचनालय त्यांच्या नावाने व्याख्यानमाला चालवते. वक्त्याचे स्मारक व्याख्यानानेच करावे, ही कल्पना मराठी समाजाच्या ग्रंथालयाला शोभणारी आहे. मराठी पाट्यांवरून वाद झडणाऱ्या शहरात मराठीतले विचार ऐकायला लोक एकत्र बसतात, तेव्हा ग्रंथालय भाषेचे किती मोठे आधारस्थान असते हे उमगते.

आजची स्थिती आणि पुढचे काम

२०२० च्या टाळेबंदीत ग्रंथालयांची दारे बंद झाली आणि व्याख्यानमाला संगणकाच्या पडद्यावर गेल्या. परगावचे, परदेशातले मराठी श्रोते जोडले गेले, हा लाभ झाला. दारे उघडल्यावर बऱ्याच संस्थांनी सभागृहातला कार्यक्रम आणि त्याचे यूट्यूबवरचे प्रक्षेपण दोन्ही सुरू ठेवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हा दर्जा मिळण्यासाठी भाषेचे जुनेपण आणि तिच्या ग्रंथांची परंपरा सिद्ध करावी लागते. भावे यांच्यासारख्यांनी शतकापूर्वी बाडे जमवली, जपली आणि छापली नसती तर ती परंपरा पुराव्यासह मांडणे कितीतरी अवघड झाले असते. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची १९४३ मध्ये सिद्ध केली, तीही गावोगावच्या ग्रंथालयांनी पुस्तके सांभाळली होती म्हणूनच. या वारशाचे मोल आज साऱ्या देशाने मान्य केले आहे.

वारसा सांगणाऱ्यांवर जबाबदारीही येते. तिचे तीन भाग मला ठळकपणे दिसतात. पहिला म्हणजे झालेल्या व्याख्यानांचे जतन. पुस्तकांची सूची करणाऱ्या संस्थांनी आपल्या व्यासपीठावरून बोलल्या गेलेल्या शब्दांची सूची क्वचितच केली. जुन्या ध्वनिफिती खराब होत आहेत, निमंत्रणपत्रिका आणि इतिवृत्ते कपाटांत पडून आहेत. त्यांचे डिजिटल रूपांतर हे ग्रंथजतनाइतकेच तातडीचे काम आहे. दुसरा म्हणजे तरुण श्रोता. सायंकाळी सहाची वेळ निवृत्तांना सोयीची, नोकरदारांना आणि विद्यार्थ्यांना गैरसोयीची. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी शेकडो मुले ग्रंथालयांच्या अभ्यासिकेत दिवसभर बसतात. त्याच इमारतीतल्या सभागृहात ती येत नसतील तर त्यांच्या वेळा, त्यांचे विषय आणि त्यांचे लेखक यांचा विचार कार्यकारिणीने केला पाहिजे. त्यांच्यापैकी दोघांना व्याख्यानमाला समितीवर घेणे हा सर्वांत सरळ उपाय.

तिसरा भाग प्रश्नोत्तरांचा. वेळेअभावी अलीकडे सर्वप्रथम कात्री लागते ती श्रोत्यांच्या प्रश्नांना. सत्कार आणि मनोगते लांबतात, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप तो वाचक न बोलता घरी जातो. ग्रंथालयातील व्याख्यान आणि इतर कोणत्याही सभेतील भाषण यांत फरक असा की इथला श्रोता वाचून आलेला असतो. त्याला लेखकाला काही विचारायचे असते, काही सांगायचे असते. शेवटची तीस मिनिटे त्याच्यासाठी राखून ठेवण्याचा ठराव प्रत्येक ग्रंथालयाने करावा आणि तो कटाक्षाने पाळावा, अशी कळकळीची विनंती आहे.

भावे आणि पटवर्धन यांनी मराठी पुस्तकांसाठी घर बांधले. त्यानंतरच्या पिढ्यांनी त्या घरात बैठक मांडली, वक्ते बोलावले आणि मतभेद ऐकून घेतले. शासन बदलले, राज्य बदलले, छपाई आणि वाचनाची साधने बदलली, तरी वर्गणी भरून पुस्तक नेणारा आणि संध्याकाळी व्याख्यानाला येऊन बसणारा वाचक या संस्थांनी टिकवला. त्या वाचकाला यापुढेही उत्तम ग्रंथ, उत्तम वक्ते आणि निर्भयपणे प्रश्न विचारण्याची जागा मिळत राहावी, यासाठी झटणे हेच संस्थापकांचे ऋण फेडणे होय.